जुन्या स्पोर्ट्‌स कारचे हेडलाइट आणि वायरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गाडीचे दिवे पिवळट आणि मंद पडतात. भारीतले बल्ब घातले की काम होईल ना?

बहुतेक वेळा नाही होत. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत बल्ब सहसा ठणठणीत असतो, पण त्याच्यापर्यंत वीज पोचत नाही. बॅटरीतून निघालेला करंट फ्यूजबॉक्स, डॅशबोर्डवरचा स्विच, स्टिअरिंगखालचा डिपर, तीन-चार जोड आणि बारीक वायर असा सगळा फेरा मारून दिव्यापाशी येतो. या प्रत्येक ठिकाणी थोडे थोडे व्होल्ट गळतात. म्हणून माझं उत्तर नेहमी एकच असतं: आधी वायरिंग, मग दिवे. महागडे बल्ब घालून निराश झालेल्यांची गाडी उघडली की बिघाड बहुतेक वेळा दिव्याच्या मागेच कुठेतरी सापडतो.

एखादा व्होल्ट कमी झाला तर एवढं काय बिघडतं?

फार बिघडतं, आणि हे नीट समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. एच४ हॅलोजनच्या (हाय आणि लो अशी दोन फिलामेंट असलेला हेडलाइटचा बल्ब) उजेडाचे आकडे १३.२ व्होल्टला दिलेले असतात: हाय बीमला (दूरचा झोत) १६५० ल्युमेन, लो बीमला (जवळचा झोत) १०००. त्याच बल्बला १२ व्होल्ट मिळाले तर उजेड सुमारे ७२ टक्क्यांवर येतो. ११.५ व्होल्टला तो ६३ टक्केच उरतो. म्हणजे बल्ब तोच, काच तीच, पण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त प्रकाश वाटेतच गेला. शिवाय फिलामेंट थंड जळल्यामुळे उजेड पिवळा दिसतो आणि माणूस ‘पांढऱ्या’ बल्बच्या शोधात निघतो. त्या निळ्या कोटिंगच्या बल्बांनी तर आणखी नुकसान होतं, कारण कोटिंग थोडा प्रकाश अडवतं.

हे उलट बाजूनेही लागू आहे. व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य झपाट्याने घटतं. त्यामुळे वायरिंग सुधारण्याआधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर किती व्होल्ट येतात ते बघा. १३.८ ते १४.४ च्या आत असेल तर ठीक. १५ च्या आसपास जात असेल तर आधी रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) बघा, नाहीतर नवे बल्ब एकामागून एक जातील.

माझ्या गाडीत किती गळती आहे हे कसं मोजायचं?

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: दिवा लागलेला असतानाच मोजायचं. होल्डर बल्बवरून काढून त्यात मीटर घातला तर तो बॅटरीइतकेच व्होल्ट दाखवेल आणि तुम्ही ‘वायरिंग उत्तम आहे’ म्हणून मोकळे व्हाल. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. मोटारी दुरुस्त करण्यात मुरलेली माणसंसुद्धा इथे फसताना मी पाहिली आहेत.

इंजिन चालू ठेवा, थोडा रेस द्या, लो बीम लावा. मीटरचं एक टोक थेट बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर धरा. दुसरं टोक होल्डरच्या मागच्या बाजूने सरकवून बल्बच्या लो बीमच्या पात्याला टेकवा. मीटरवर येणारा आकडा म्हणजे त्या वाटेत हरवलेले व्होल्ट. ०.३ च्या आत असेल तर तुमच्या गाडीला रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) गरजच नाही. ०.५ पर्यंत चालवून घेता येतं. त्याच्या पुढे गेलं की काम काढायलाच हवं, आणि जुन्या गाडीत एक ते दीड व्होल्ट हरवलेले सापडणं मुळीच नवलाचं नाही.

मग हेच अर्थच्या (करंट बॅटरीकडे परत जाण्याची वाट) बाजूने करा: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बल्बच्या अर्थ पात्यावर. इथे ०.१ च्या वर काही दिसायला नको. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष बहुधा पुरवठ्यात असतो. एकच मंद असेल किंवा साइड सिग्नल लावला की हेडलाइटही लुकलुकत असेल, तर त्या कोपऱ्याचं अर्थिंग गेलेलं असतं.

आकडा वाईट आला तर होल्डर काढून नीट बघा. पात्यांभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल, कधी एका खाचेचा आकारच बदललेला असतो. मागच्या वायरचं इन्सुलेशन बोटभर सोला. चांगलं तांबं लालसर चमकतं. जुन्या वायरीत ते काळं पडलेलं असतं किंवा त्यावर हिरवट भुकटी असते, आणि तो काळेपणा इन्सुलेशनच्या आत कितीतरी लांब गेलेला असतो. अशा वायरीवर नवा होल्डर बसवून काही हाती लागत नाही. स्वच्छ तांबं लागेपर्यंत मागे जायचं.

रिले नेमकं काय करतो? आणि जोडायचा कसा?

दोन्ही बाजूंचे हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर ओढतात. मूळ वायरिंगमध्ये हा सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन स्विचच्या छोट्याशा कॉन्टॅक्टमधून परत येतो. रिले बसवला की स्विचमधून रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे ०.१५ ते ०.२ अँपिअर करंट जातो. दिव्याचा मुख्य करंट बॅटरीजवळून जाड वायरीने थेट बल्बला मिळतो. उजेड वाढतो, आणि ज्याचे सुटे भाग मिळणं अवघड असतं तो मूळ स्विचही वाचतो. डॅटसन २४०झेडच्या फ्यूजबॉक्समध्ये दिव्यांच्या फ्यूजजवळचं प्लास्टिक तापून वितळलेलं सर्रास दिसतं. त्या गाडीच्या मालकांनी तर उजेडाचा विचार बाजूला ठेवून निव्वळ आगीच्या भीतीने हे काम करावं.

साध्या चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून येणारी वीज, ८७ वरून बल्बकडे जाणारी वायर, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. एका टोकाला हेडलाइटच्या जुन्या होल्डरवरून येणारी वायर, दुसऱ्याला अर्थ. एक रिले लो बीमसाठी, दुसरा हाय बीमसाठी. ३० किंवा ४० अँपिअरचा रिले घ्या, आणि घेताना पाच पायांचा आला तर ८७अ हा पाय मोकळा सोडा.

बसवताना रिलेचे पाय खाली येतील असं बसवा, म्हणजे पाणी आत साचत नाही. वायरी रिलेच्या खालून थोडा झोल देऊन वर आणा. रेडिएटरच्या पुढे, चाकांचा चिखल उडतो तिथे, रिले अजिबात नको.

माझ्या गाडीत स्विच अर्थच्या बाजूने आहे असं कोणीतरी म्हणालं. म्हणजे काय?

बऱ्याच जुन्या जपानी गाड्यांत दिवा लावला की होल्डरच्या सामाईक टोकाला सतत वीज मिळते, आणि डिपर लो किंवा हाय फिलामेंटची अर्थ जोडतो. हे ओळखायला दोन्ही बाजूंचे होल्डर बल्बवरून काढा. दोन्ही काढणं महत्त्वाचं, कारण एक बल्ब जागेवर राहिला तर त्याच्या फिलामेंटमधून उलटी वीज येऊन मीटर भलतंच दाखवतो. दिवे लावा, मीटरचं काळं टोक बॉडीला धरा आणि डिपर वर-खाली करा. डिपर कसाही असला तरी एका टोकाची वीज हलत नसेल, तर तुमची गाडी अर्थ स्विचिंगची आहे. इंग्लिश गाड्यांत सहसा वीज एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारताना दिसते आणि तिसरं टोक निव्वळ अर्थ असतं.

अर्थ स्विचिंगच्या गाडीतही रिले छान चालतात. कॉइलच्या एका टोकाला ती सामाईक वीज द्या आणि दुसऱ्या टोकाला डिपरकडून येणारी अर्थ. पुढची बाजू, म्हणजे ३० आणि ८७, नेहमीसारखीच. तयार हार्नेस (जोडांसकट बांधलेला वायरींचा संच) विकत घेत असाल तर हे तपासल्याशिवाय घेऊ नका.

वायर किती जाड घ्यायची आणि फ्यूज किती अँपिअरचा?

एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला मीटरमागे सुमारे १८ मिलिओहम रोध असतो. अशा चार मीटर वायरीतून १० अँपिअर गेले की फक्त वायरीतच ०.७ व्होल्ट गेले, जोड आणि स्विच वेगळेच. म्हणून प्रत्येक बल्बला २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाका, आणि बॅटरीपासून रिलेपर्यंतची मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटरची ठेवा. वायर अनेक बारीक तारांची, गाडीसाठीचीच हवी. घरातल्या भिंतीतली जाड एकेरी तारेची वायर कंपनांनी तुटते.

मुख्य वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतरातच ३० अँपिअरचा फ्यूज लावा. फ्यूज वायरीला वाचवतो, त्यामुळे त्याच्या अलीकडच्या वायरीच्या तुकड्याला काहीच संरक्षण नसतं आणि तो जितका छोटा तितका बरा. रिलेनंतर डाव्या-उजव्या लो आणि हाय अशा चारही फिलामेंटना वेगवेगळे १० अँपिअरचे फ्यूज द्या. एकच फ्यूज सगळ्यांना मिळून ठेवला आणि तो वळणावर उडाला, तर पुढचे काही क्षण तुम्ही पूर्ण अंधारात गाडी चालवत असता. एमजीबीच्या हेडलाइट सर्किटला कारखान्यातून फ्यूजच दिलेला नव्हता, हे त्या गाडीच्या मालकांनी जरूर लक्षात घ्यावं.

मुख्य वीज घ्यायची कुठून?

बॅटरी बॉनेटखाली असेल तर तिच्या पॉझिटिव्ह टोकाजवळून. बॅटरी सीटमागे किंवा डिकीत असेल तर नवी लांब वायर ओढू नका. स्टार्टरच्या सोलेनॉइडवर बॅटरीची जाड केबल येते, त्याच खांबावरून घ्या.

डॅशबोर्डवर अ‍ॅमीटर (करंट दाखवणारा काटा) असलेल्या गाडीत मात्र सांभाळा. तिथे बॅटरीच्या खांबावरून वीज घेतली तर दिव्यांना जाणारा करंट अ‍ॅमीटरमधून बॅटरीच्या दिशेने जाताना दिसतो आणि काटा ‘चार्जिंग’ दाखवत राहतो. बॅटरी मात्र भरत नसते. अशा गाडीत अ‍ॅमीटरच्या आल्टरनेटरकडच्या (इंजिनवर चालणारं वीज बनवणारं यंत्र) बाजूने वीज घ्यावी.

अर्थसाठी वेगळी वायर टाकायलाच हवी का?

हो. मूळ अर्थ बहुतेक वेळा मडगार्डच्या पत्र्यावर एका स्क्रूने दिलेली असते. पत्र्याला पुन्हा रंग मारलेला असतो आणि मडगार्ड-चेसिसमधल्या बोल्टना गंज धरलेला असतो. प्रत्येक दिव्याची अर्थ २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीने चेसिसवरच्या एका चांगल्या जागी आणा. तिथला रंग खरवडून पत्रा उघडा करा, रिंगचा थिंबल (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) आणि दातेरी वॉशर लावून बोल्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टीही तेव्हाच तपासून घ्या.

लोटस एलान, टीव्हीआर, कॉर्व्हेट अशा फायबरच्या बॉडीच्या गाड्यांत तर बॉडीतून वीज वाहतच नाही. तिथे प्रत्येक दिव्याला अर्थची वायर मुळापासूनच असते, आणि बहुतेक तक्रारींचं मूळही तिच्यातच असतं.

जोडांना डाग द्यायचा की क्रिम्प करायचं?

क्रिम्प, म्हणजे थिंबल वायरीवर दाबून बसवणं, पण चांगल्या दाबयंत्राने. डाग दिला की कथील तारांमध्ये आतवर शिरतं, तेवढा भाग ताठ होतो आणि कंपनांनी वायर नेमकी त्या कडेला तुटते. नीट क्रिम्प केलेला थिंबल जोर लावून ओढला तरी निघत नाही, ही परीक्षा प्रत्येक जोडाची घ्या. वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. नुसती चिकटपट्टी गुंडाळू नका. उष्णतेने तिचा डिंक पाघळतो आणि ती सुटते.

पूर्ण वायरिंगच नवं टाकावं का?

कापडी विणीचं इन्सुलेशन हात लावताच गळून पडत असेल, आधीच्या मालकांनी दहा ठिकाणी काप-जोड केले असतील किंवा कुठे वायर भाजल्याची खूण असेल, तर नवा हार्नेस घ्या आणि एकदाच सुटका करून घ्या. वायर लवचिक असेल आणि आतलं तांबं स्वच्छ असेल तर मूळ वायरिंग ठेवा, फक्त जोड साफ करा. लुकास या इंग्लिश कंपनीच्या गोळीसारख्या जोडांची बाहेरची नळी सैल होते. ती नवी घातली तरी निम्म्या तक्रारी जातात.

इंग्लिश गाडीत रंग ओळखून काम करता येतं. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीची, बऱ्याचदा फ्यूज नसलेली. निळी लाइट स्विचकडून डिपरकडे जाते, निळी-पांढरी हाय बीमची, निळी-लाल लो बीमची आणि काळी अर्थची. तपकिरीला हात लावण्याआधी बॅटरीची अर्थ काढलीच पाहिजे.

सील्ड बीम काढून एच४ बसवता येतात का?

येतात (सील्ड बीम म्हणजे फिलामेंट, रिफ्लेक्टर आणि काच एकत्र बंद केलेला दिवा), आणि वायरिंग सुधारल्यावर पैसे घालण्यासारखी हीच पहिली गोष्ट आहे. अमेरिकेने १९४० मध्ये सात इंची गोल सील्ड बीम हे माप ठरवून टाकलं. त्यामुळे एमजीबी, ट्रायम्फ टीआर६, डॅटसन २४०झेड, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ अशा एकमेकींशी काही संबंध नसलेल्या गाड्यांत आज तोच सात इंची एच४ दिवा बसतो. एच४ बल्ब १९७१ मध्ये आला. त्याच्या लो बीमच्या फिलामेंटखाली एक छोटी वाटी असते. ती वर जाणारा प्रकाश अडवते, म्हणून लो बीमला वरची कड स्वच्छ रेषेत दिसते.

घेण्याआधी मागची खोली मोजा. एच४ दिव्याचा बल्ब, होल्डर आणि रबरी टोपण मिळून सील्ड बीमपेक्षा मागे जास्त येतात आणि काही गाड्यांच्या वाट्यांमध्ये ते टेकतात. टोपण मात्र सोडून देऊ नका, नाहीतर ओलावा जाऊन रिफ्लेक्टर काळवंडेल. काळवंडलेला रिफ्लेक्टर फडक्याने पुसू नका, वरचा थर निघून येतो.

आणि काचेवरची खूण बघा. युरोपीय मान्यतेच्या दिव्यावर वर्तुळात ‘ई’ आणि एक आकडा असतो. दिवा फक्त डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी असेल, तर समोर उभं राहून पाहणाऱ्याला उजवीकडे दाखवणारा बाण दिसतो. बाण नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीचा. चुकीच्या बाजूचा दिवा बसवला तर त्याचा वर चढणारा झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि स्क्रू कितीही फिरवले तरी ते सुधारत नाही.

१००/९० वॅटचे बल्ब घालू का?

नको. साधा एच४ ६०/५५ वॅटचा असतो. १०० वॅटच्या बल्बची उष्णता रिफ्लेक्टरचा मुलामा आणि होल्डर भाजून काढते, वायरीवरचा भार दीडपटीहून जास्त होतो, आणि बऱ्याच देशांत असे बल्ब रस्त्यावर चालत नाहीत. चांगल्या वायरिंगवरचा साधा ६०/५५ लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो.

मग एलईडी?

दोन गोष्टी वेगळ्या करा. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये घालायचा एलईडी बल्ब एक, आणि मुळात एलईडीसाठीच बनवलेला पूर्ण सात इंची दिवा दुसरा.

पहिल्याच्या मी विरोधात आहे. रिफ्लेक्टरचा आकार एका बारीक फिलामेंटच्या जागेवरून आखलेला असतो. एलईडीच्या चकत्या तिथून मिलिमीटरभर सरकल्या तरी झोत विस्कटतो. ड्रायव्हरला गाडीसमोरचा रस्ता झगझगीत दिसतो आणि तो खूश होतो, पण दूरचा उजेड कमी होतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. कित्येक देशांत असे बल्ब बेकायदा आहेत किंवा ठरावीक मॉडेल ठरावीक गाडीतच चालतं. आपल्या इथला नियम बघूनच ठरवा.

मान्यतेची खूण असलेला पूर्ण एलईडी दिवा चांगला असू शकतो. तो करंट कमी ओढतो, त्यामुळे दुबळ्या डायनामोच्या (आल्टरनेटरच्या आधीचं वीज बनवणारं यंत्र) गाडीला त्याचा खरा फायदा आहे. तोटेही आहेत. त्याची काच गरम होत नाही, म्हणून तिच्यावरचं बर्फ वितळत नाही. स्वस्त दिव्यांमुळे रेडिओत खरखर येते. अर्थ स्विचिंगच्या गाडीत तो अडॅप्टरशिवाय नीट लागतच नाही. आणि जुन्या गाडीचा चेहरा बदलतो, जे मला तरी खटकतं.

माझ्या गाडीत डायनामो आहे. भार पेलेल का?

लुकासचा सी-४० डायनामो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन बऱ्यापैकी फिरत असताना. हेडलाइटचे १०, त्यात मागचे दिवे, इग्निशन, वायपर, हीटरचा पंखा मिळवले की पावसाळी रात्री हिशेब काठावर येतो आणि सिग्नलला थांबल्यावर सगळा भार बॅटरीवर पडतो. साध्या एच४ साठी रिले लावून काम भागतं. जास्तीचे फॉग लॅम्प वगैरे हवे असतील तर आधी आल्टरनेटर बसवा.

गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल तर?

म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असेल, तर हॅलोजन बल्बला करंटच्या दिशेने फरक पडत नाही आणि साध्या रिलेलाही नाही. आत डायोड असलेला रिले आणि कोणताही एलईडी दिवा मात्र चालणार नाही. अशा गाडीत फ्यूज निगेटिव्ह वायरीवर येतो, आणि कामाआधी बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक काढायचं असतं.

उघड-मिट होणाऱ्या दिव्यांत वेगळं काय बघायचं?

वायर प्रत्येक वेळी बिजागरीपाशी वाकते, त्यामुळे तुटते ती तिथेच, बऱ्याचदा इन्सुलेशनच्या आत. हाताने दिवा वर-खाली करताना उजेड लुकलुकला तर तोच तुकडा बदला, आणि नवी वायर थोडी सैल ठेवा. जड दिवे बसवू नका, मोटरवर ताण येतो. एमएक्स-५ मध्ये मोटरवर हाताने फिरवायची मूठ असते, ती कुठे आहे ते दिवसाउजेडी बघून ठेवा. सुरुवातीच्या लोटस एलानमध्ये दिवे व्हॅक्यूमवर उभे राहतात आणि नळी गळली की चालत्या गाडीत खाली बसतात, तेव्हा तिथे वायरिंगच्या आधी नळ्या बदला.

गाडीचं मूळ रूप बिघडेल का?

रिलेचा हार्नेस जुन्या होल्डरमध्ये खोचून बसवता येतो, एकही मूळ वायर कापावी लागत नाही. उद्या काढला तर गाडी होती तशी. रिले आणि फ्यूज बॅटरीच्या आडोशाला ठेवा, काळी कापडी पट्टी गुंडाळा. काढलेले सील्ड बीम फेकू नका.

सगळं बसवून झालं. झोत कसा लावायचा?

टायरची हवा बरोबर करा, टाकी अर्धी भरा आणि ड्रायव्हरच्या सीटवर कोणाला तरी बसवा. हलक्या गाडीत एका माणसाच्या वजनानेही झोत हलतो. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा. दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर पट्टी लावा, तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. लो बीमची सपाट कड खालच्या पट्टीवर आली पाहिजे, आणि तिला जिथे वरचं वळण फुटतं ते त्या त्या दिव्याच्या बरोबर समोर. एका वेळी एकच दिवा लावा, दुसरा झाका. स्प्रिंगवरचे जुने स्क्रू फिरवण्याआधी तेल सोडून थांबा, जबरदस्ती केली तर प्लास्टिकचा नट फुटतो. शेवटचं फिरवणं नेहमी आवळण्याच्या दिशेने असू द्या, म्हणजे स्प्रिंग ताणलेली राहते. दोन-तीनशे किलोमीटर चालवल्यावर पुन्हा भिंतीसमोर उभी करा, आणि त्याच वेळी होल्डरना हात लावून बघा. कोमट असतील तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, तर तो जोड पुन्हा करा.